व्यावसायिकांच्या संघटनेतील नोकरी : दरवर्षी बदलणारे पदाधिकारी आणि कायम राहणारे कार्यालय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ठाण्यात राहता, एका खासगी बँकेच्या कार्यालयीन विभागात काही वर्षे काम केले आहे आणि मुंबईतील तज्ज्ञ डॉक्टरांच्या एका संघटनेने आपल्याला कार्यालय व्यवस्थापक म्हणून येण्याबद्दल विचारले आहे. पगार आजच्यापेक्षा थोडा कमी आहे. संघटना ना-नफा तत्त्वावर चालते, तेव्हा हे काम समाजसेवेसारखे असेल का, नोकरी टिकेल का आणि तिथे शिकण्यासारखे काही असेल का, असे आपण विचारता. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मुंबईतल्या अशाच दोन संघटनांच्या कार्यालयांत गेला आहे, एक अभियंत्यांची आणि दुसरी डॉक्टरांची. त्यामुळे या कामाची आतली बाजू जितकी मला ठाऊक आहे तितकी सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, समाजसेवेची अपेक्षा ठेवून येऊ नका. संस्था ना-नफा आहे याचा कायद्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की वर्षाअखेर जी शिल्लक उरेल ती सभासदांना वाटता येत नाही, संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरावी लागते. शिल्लक उरू नये असा त्याचा अर्थ नाही. उलट ज्या संघटनेत सलग काही वर्षे शिल्लक उरत नाही, ती आधी मासिक बंद करते, मग एक कर्मचारी कमी करते आणि शेवटी कार्यालयाची जागा भाड्याने देते. वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थेत लाभार्थी आणि देणगीदार वेगळे असतात. इथे ज्यांच्यासाठी काम करायचे ते, पैसे देणारे आणि आपल्याला जाब विचारणारे हे सगळे एकच असतात, आणि ते म्हणजे सभासद. आपल्या कामातून रुग्णांचे भले होते, पण ते डॉक्टर अधिक चांगले शिकतात म्हणून होते, म्हणजे एक पायरी ओलांडून. हे समाधान ज्यांना पुरते त्यांनीच या क्षेत्रात यावे.

दुसरी गोष्ट, ही संघटना कोणत्या प्रकारची आहे ते समजून घ्या. वकिलांची बार कौन्सिल, वास्तुविशारदांची परिषद, डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषद या कायद्याने निर्माण झालेल्या यंत्रणा आहेत. तिथे नोंदणी नसेल तर वकिली किंवा डॉक्टरकी करता येत नाही आणि स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही. आपल्याला बोलावणारी संघटना स्वेच्छेची आहे. मुंबईत अशा संघटनांची परंपरा जुनी आहे. करसल्लागारांची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स १९२६ची आहे. सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९१७ साली सुरू केलेल्या मंडळाला १९२९मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव मिळाले. १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट्सची वैधानिक संस्था कायद्याने अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी ही स्वेच्छेची संघटनाही स्थापन झाली. एकाच व्यवसायाच्या या दोन संस्था इतकी वर्षे शेजारी-शेजारी चालतात, यावरूनच दोघींची कामे किती वेगळी आहेत हे लक्षात येईल. वैधानिक संस्था परवाना देते आणि शिस्तभंगाची कारवाई करते. स्वेच्छेच्या संघटनेकडे सक्तीचा कोणताही अधिकार नसतो. सभासदाला काही मिळाले नाही तर तो पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, एवढे सरळ गणित आहे.

आता मुख्य मुद्दा. या नोकरीत जे काही कठीण आहे आणि जे काही सुंदर आहे, ते एकाच गोष्टीतून येते. संस्था चालवणारे सर्वजण मानद असतात आणि ठरावीक मुदतीने बदलतात, पण कार्यालय कायम राहते. बहुतेक संघटनांत अध्यक्ष एक वर्षासाठी असतो, मानद सचिव आणि मानद कोषाध्यक्ष एक किंवा दोन वर्षांसाठी. ही माणसे आपापल्या व्यवसायात नामवंत असतात, दिवसभर दवाखाना किंवा शस्त्रक्रिया उरकून संध्याकाळी संघटनेसाठी वेळ काढतात आणि त्याचा एक पैसाही घेत नाहीत. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवल्याशिवाय हे काम करता येत नाही. परंतु त्यांच्याकडे संघटनेची स्मृती नसते. मागच्या वार्षिक परिषदेत, म्हणजे सभासदांच्या संमेलनात, सभागृहाचे भाडे कोणत्या अटीवर कमी झाले होते, अमुक पुरस्काराची देणगी देणाऱ्या कुटुंबाने कोणती अट घातली होती, एखादी उपसमिती का बरखास्त झाली होती, हे सर्व कार्यालयाला माहीत असावे लागते. आपण बँकेतून येत आहात, तेव्हा वरिष्ठाच्या वर आणखी एक वरिष्ठ अशी साखळी आपल्या सवयीची असेल. इथे साखळीऐवजी वर्तुळ आहे. कार्यकारिणीतील पंधरा-वीस जणांपैकी प्रत्येकजण आपला वरिष्ठ असल्यासारखा वागू शकतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो रुजू होण्याआधीच मान्य करून घ्यावा : कार्यालयाला सूचना फक्त मानद सचिवांमार्फत येतील, आणि तातडीच्या बाबतीत अध्यक्षांकडून. एखाद्या सदस्याने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर "उद्या सकाळपर्यंत सर्व सभासदांना हे पाठवा" असे लिहिले, तर "सर, सचिवांना कळवले आहे, त्यांची संमती येताच पाठवते" एवढे उत्तर पुरे असते. उत्तर नम्र असावे, दर वेळी तेच असावे आणि ते व्यक्ती पाहून बदलू नये. पहिल्या तीन महिन्यांत काही जण नाराज होतात. त्यानंतर तेच जण इतरांना सांगू लागतात, की या कार्यालयात पद्धत अशी आहे.

प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षाची काही खूण ठेवावीशी वाटते. कोणी नवे बोधचिन्ह सुचवतो, कोणी नवा पुरस्कार, कोणी ग्रामीण भागातले शिबिर. यात काही गैर नाही. संघटनांतले कित्येक चांगले उपक्रम असेच सुरू झाले आहेत. अडचण येते ती तेरा-चौदाव्या महिन्यात, जेव्हा सुरू करणारा अध्यक्ष माजी झालेला असतो आणि नव्या अध्यक्षाला त्या उपक्रमात रस नसतो. म्हणून प्रत्येक नव्या कल्पनेच्या वेळी व्यवस्थापकाने दोन प्रश्न टिपणात लिहून कार्यकारिणीसमोर ठेवावेत : पुढच्या तीन वर्षांचा खर्च कुठून येणार आणि मुदत कधी संपणार. हे प्रश्न तोंडी विचारले तर विरोध वाटतो, विषयपत्रिकेला जोडलेल्या टिपणात असले तर ते कार्यालयाचे काम ठरते. "आपल्याकडे असे चालत नाही" हे वाक्य कधीही उच्चारू नका. जुना ठराव शोधा, त्याची प्रत समोर ठेवा आणि बदल करायचा असल्यास नवा ठराव करावा लागेल एवढेच सांगा.

इतिवृत्त लिहिणे ही या नोकरीतली सर्वांत कमी लेखली जाणारी कला आहे. बैठक साधारण संध्याकाळी साडेसातनंतर सुरू होते, कारण तोवर बाह्यरुग्ण विभाग आटोपलेले असतात. समजा, वार्षिक परिषदेसाठी पवईचे हॉटेल घ्यायचे की दादरचे सभागृह, यावर तासभर चर्चा झाली, दोघांचे आवाज चढले, एकाने दुसऱ्याच्या नातेवाइकाच्या केटरिंगचा उल्लेख केला. इतिवृत्तात यातले काय यावे? दोन्ही प्रस्तावांतील भाडे, आसनक्षमता आणि रद्द करण्याच्या अटी यांची तुलना सादर झाली, चर्चेअंती अमुक ठिकाण निवडण्याचा ठराव झाला, सूचक, अनुमोदक, खर्चाची कमाल मर्यादा, करारावर सही कोणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत. बस्स. कोण काय म्हणाले हे लिहायचे नाही. मात्र एखाद्या सदस्याने आपला विरोध नोंदवावा अशी मागणी केली, तर त्याच्याच शब्दांत लिहून त्याच बैठकीत वाचून दाखवायचे. मसुदा तीन दिवसांच्या आत सचिवांकडे गेला पाहिजे. आठवडा उलटला की प्रत्येकाला वेगळी बैठक आठवू लागते. दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षक, बँक किंवा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय जेव्हा विचारते, तेव्हा संघटनेची बाजू मांडायला दुसरे काहीही नसते, फक्त ते पान असते.

धर्मादाय आयुक्तांचा उल्लेख आलाच आहे, तर कायद्याची चौकटही सांगते. महाराष्ट्रात अशी संघटना बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असते. काही संघटना कंपनी कायद्याच्या, ना-नफा कंपन्यांसाठी असलेल्या, कलम ८खाली असतात. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२नुसार कार्यकारिणी बदलली, की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल करावा लागतो. दरवर्षी निवडणूक म्हणजे दरवर्षी बदल अर्ज. पदाधिकारी निवडून येण्याच्या आनंदात असतात आणि ही बाब मागे पडते. एक अर्ज राहिला, की त्यापुढचे सगळे अडकतात, कारण आधीच्या कार्यकारिणीचीच नोंद झालेली नसते. मग स्थावर मालमत्ता विकण्यासाठी कलम ३६खालची परवानगी मागायला गेल्यावर कळते, की अभिलेखावर अजून कोणा जुन्या, कदाचित हयातही नसलेल्या, विश्वस्तांची नावे आहेत. ज्या व्यवस्थापकाला दरवर्षीचा बदल अर्ज वेळेत दाखल करता येतो, तो संघटनेची जी सेवा करतो तिचे कौतुक कोणत्याही व्यासपीठावर होत नाही, परंतु तिच्यावाचून संस्था कागदावर अनाथ होते.

बँकेचेही तसेच. नवे कोषाध्यक्ष निवडून आले तरी बँकेतली सही बदलायला ठराव, केवायसी, नमुना सह्या हे सोपस्कार होतात आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्या काळात जुन्या कोषाध्यक्षांनी "माझी मुदत संपली" म्हणून सही नाकारली, तर कर्मचाऱ्यांचा पगार थांबतो. नव्या पदाधिकाऱ्यांच्या पॅन आणि आधारच्या प्रती, छायाचित्रे आणि अर्ज सर्वसाधारण सभेच्या संध्याकाळीच हातावेगळे करायचे, आणि नवी सही सुरू होईपर्यंत जुनी चालू राहील असे त्याच ठरावात लिहून घ्यायचे.

वर्षाचा ताण कुठे असतो, हेही आधी माहीत असलेले बरे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते; लेखापरीक्षण, आयकराचा लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिच्याबरोबरची निवडणूक हे सर्व बहुधा ३० सप्टेंबरच्या आत बसवावे लागते. मुंबईत याच काळात पाऊस असतो, याच काळात गणपती येतात आणि कार्यालयातले निम्मे लोक कोकणात गावी जायला निघतात. सभेच्या सूचनेचे दिवस संघटनेच्या घटनेत, म्हणजे तिच्या मूळ नियमांत, लिहिलेले असतात, कुठे १४, कुठे २१; ते मोजताना पाठवण्याचा आणि सभेचा दिवस धरायचा की नाही, हे घटनेतून नीट पाहून घ्या, कारण हरलेला उमेदवार पहिला आक्षेप तिथेच घेतो. सभेच्या दिवशी लोकल बंद पडू शकतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा घेण्याची तरतूद बहुतेक घटनांत असते, पण ती सूचनेत छापलेली असली पाहिजे.

निवडणूक ही आपल्या निःपक्षपातीपणाची खरी कसोटी. दोन्ही बाजूंचे उमेदवार आपल्याला ओळखतात, दोघांशीही आपले चांगले असते आणि दोघेही मतदार यादी "जरा आधी" मागतात. यादी निवडणूक अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने, एकाच दिवशी, एकाच वेळी आणि एकाच स्वरूपात सर्वांना द्यायची. यादीचे काम मात्र वर्षभर चालू ठेवावे लागते. जुन्या सभासदांचे पत्ते गिरगाव-परळच्या चाळींचे असतात, जिथे आता टॉवर उभे आहेत. काहींचे निधन झालेले असते आणि घरच्यांनी कळवलेले नसते. काही दवाखाना मुलाकडे सोपवून पुण्याला गेलेले असतात. ज्या संघटनेची सभासद यादी स्वच्छ आहे, तिथे निवडणुकीचे भांडण फार काळ टिकत नाही.

पैशाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण बाहेरून ही बाजू दिसत नाही. आजीव सभासदत्व ही मुंबईतल्या जुन्या संघटनांची मोठी दुखरी नस आहे. एकेकाळी मुदत ठेवींवर दोन अंकी व्याज मिळत होते. तेव्हा एकरकमी आजीव वर्गणी घ्यायची, ती मूळ निधीत ठेवायची आणि तिच्या व्याजातून त्या सभासदाचा वार्षिक खर्च भागवायचा, हा हिशेब बरोबर होता. व्याजदर खाली आले, टपाल, छपाई आणि पगार वाढले, आणि आयुष्यमान वाढल्यामुळे तो सभासद देवाच्या कृपेने पंच्याऐंशीव्या वर्षीही मासिक मिळाले नाही म्हणून फोन करतो. त्याचा फोन रास्त आहे, कारण त्याने पूर्ण पैसे भरले आहेत. पण हिशेब बसत नाही. मग नव्या आजीव सभासदांची वर्गणी चालू खर्चात वापरण्याचा मोह कार्यकारिणीला होतो, आणि तिथे व्यवस्थापकाने सर्वांत आधी सावध केले पाहिजे. कारण ती रक्कम एकदा खर्च झाली, की त्या सभासदाची पुढची तीस वर्षे कुणाच्या पैशाने चालणार याचे उत्तर राहत नाही. काही संघटनांनी आजीव सभासदत्व बंद करून दहा वर्षांचे सुरू केले. जुन्यांकडून ऐच्छिक निधी मागण्याचा मार्गही काहींनी घेतला, आणि विनंती नीट शब्दांत केली तर ज्येष्ठ सभासद मोकळ्या हाताने देतात, हे मी पाहिले आहे.

करांच्या बाबतीत दोन बाबी माहीत असाव्यात. आयकरात धर्मादाय म्हणून सवलत मिळवणाऱ्या आणि "सामान्य लोकोपयोगी उद्दिष्ट" या गटात मोडणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त होऊन चालत नाही. परिषदेतल्या स्टॉलचे भाडे, मासिकातल्या जाहिराती, सभागृह बाहेरच्यांना देणे, यांतले काय त्या मर्यादेत धरायचे यावर वाद होतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात या तरतुदीचा कडक अर्थ लावल्यापासून लेखापरीक्षक अधिक बारकाईने पाहतात. दुसरी बाब जीएसटीची. संघटना आणि सभासद एकच, मग वर्गणीवर कर कसला, हा जुना युक्तिवाद होता. २०२१च्या वित्त अधिनियमाने कायद्यात भर घालून तो १ जुलै २०१७पासून पूर्वलक्षी प्रभावाने मोडून काढला. पुढे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या केरळ शाखेच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. अशा स्थितीत व्यवस्थापकाने स्वतःचे मत चालवू नये. करसल्लागाराचा लेखी अभिप्राय घ्यावा, तो कार्यकारिणीपुढे ठेवावा आणि ठरावात नोंदवावा.

डॉक्टरांच्या संघटनेत परिषदेचा खर्च मोठ्या प्रमाणावर औषध कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून येतो, तेव्हा १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने अधिसूचित केलेली औषध विपणनाची एकसमान संहिता आपण रुजू होण्याआधी वाचून घ्या. परदेशात शैक्षणिक कार्यक्रम ठेवण्यास तिच्यात मनाई आहे. भेटवस्तूंवर बंदी आहे. औषधाच्या नाममुद्रेची, म्हणजे ब्रँडची, आठवण करून देणारी वस्तू १,००० रुपयांपेक्षा महाग असू शकत नाही. संहिता कंपन्यांना लागू असली, तरी पत्रव्यवहार संघटनेच्या कार्यालयातून होतो. कोणत्या कंपनीकडून किती रक्कम, कशासाठी आली आणि वक्ता कोणी निवडला, हे कागदावर स्पष्ट असावे. वक्त्याची निवड वैज्ञानिक उपसमितीचीच असली पाहिजे. हा आग्रह धरणारा व्यवस्थापक काही प्रायोजकांना अप्रिय होतो, आणि तसे झाले तरी चालेल.

परिषदेची सकाळ मला अजूनही आवडते. सातला नोंदणीचा काउंटर लावायचा, बॅजच्या पेट्या मांडायच्या. बॅज आडनावाप्रमाणे लावले की हमखास गोंधळ होतो, कारण मुंबईतले कित्येक दक्षिण भारतीय सभासद आडनाव लावतच नाहीत आणि काही जण सासर-माहेरची दोन नावे वापरतात. नोंदणी क्रमांक किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे हा क्रम सर्वांत बरा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी अशा शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहून मिळणारे ठरावीक श्रेयांक लागतात, त्यामुळे हजेरीला फार महत्त्व असते. काही जण सकाळी सही करून दवाखान्यात जातात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मागतात. त्यात आपल्या कार्यकारिणीतला एखादा ज्येष्ठही असू शकतो. प्रमाणपत्र देऊ नका. आपण ते दिले, तर सभागृहात दिवसभर बसलेल्या, कदाचित पालघरहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या, तरुण डॉक्टरच्या प्रमाणपत्राची किंमत आपणच कमी करतो. परिषदेचे वैज्ञानिक मोल जपण्याचा कार्यालयाच्या हातात असलेला हा एकमेव मार्ग आहे, असे मी मानते.

आणखी दोन ठिकाणी ठाम राहावे लागते. सभासदांनी रुग्णांकडून किंवा ग्राहकांकडून किमान अमुक शुल्क घ्यावे असा ठराव करण्याची मागणी अधूनमधून होते. मागणीमागची तगमग खरी असते, पण असा ठराव स्पर्धा अधिनियम, २००२च्या विरोधात जाऊ शकतो, आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने दंडाचे आदेश दिलेले आहेत. विषयपत्रिका छापण्याआधीच सचिवांना हे दाखवून द्यावे. त्याचप्रमाणे सभासदांचे फोन क्रमांक आणि ईमेल कोणालाही, अगदी माजी अध्यक्षांच्या मुलाच्या नव्या कंपनीलाही, द्यायचे नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, पण त्याआधीही हे चूकच होते.

आता आपल्या स्वतःच्या हिताचे. बढतीची शिडी नसते. कारकून, व्यवस्थापक आणि फार तर कार्यकारी संचालक, इतक्याच पायऱ्या असतात. पगारवाढ कार्यकारिणी ठरवते आणि तिच्यातले बहुतेक जण दरवर्षी नवे असतात, त्यामुळे आपण काय केले हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, भविष्यनिर्वाह निधीची मर्यादा वीसची आहे. अनेक कार्यालये याहून लहान असतात, म्हणून या दोन्ही गोष्टी ऐच्छिक पातळीवर तरी आहेत का हे विचारा. बैठका रात्री संपतात आणि परिषदा शनिवार-रविवारी असतात. आपण ठाण्याला परतणार, तेव्हा अमुक वेळेनंतर बैठक चालली तर गाडीची सोय आणि परिषदेनंतर बदली रजा, ही मागणी संकोच न करता करा. ती मान्य होते. लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे लहान कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला माहीत असावे. पदाधिकारी मानद असला म्हणून तो या कायद्याच्या बाहेर राहत नाही.

शिकायला मिळेल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी मनापासून होकारार्थी देते. बँकेत आपण एक काम वारंवार केले असेल. इथे हिशेब, कायदा, संपादन, कार्यक्रम, वाटाघाटी आणि माणसे सांभाळणे हे सर्व एकाच टेबलावर येते. याहून मोठी गोष्ट म्हणजे एखादा व्यवसाय स्वतःला कसा घडवतो ते जवळून दिसते. शासनाच्या एखाद्या मसुद्यावर हरकती पाठवायची मुदत संपत आलेली असते आणि पाच तज्ज्ञ, ज्यांच्या एका तासाची फी बाहेर मोठी आहे, रात्री अकरापर्यंत आपल्या कार्यालयात बसून एकेका कलमावर वाद घालतात, पदरचा वडापाव खातात आणि सकाळी पुन्हा शस्त्रक्रियेला उभे राहतात. सभासद कल्याण निधी असलेल्या संघटनेत कधी एखाद्या तरुण सभासदाच्या पत्नीचा फोन येतो, आणि नामनिर्देशनाचा अर्ज आपण तीन वर्षांपूर्वी पाठपुरावा करून भरून घेतलेला असल्यामुळे तिची रक्कम पंधरा दिवसांत खात्यात जमा होते. अशा दिवशी कार्यालयीन कामाला कोणी दुय्यम म्हणू नये असे वाटते.

होकार कळवण्याआधी संघटनेकडे तीन कागद मागा : घटना व नियमावली, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि प्रलंबित बदल अर्जांची यादी. हिशेबात आजीव सभासद निधी आणि प्रत्यक्ष मुदत ठेवी यांचे आकडे जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर त्याचे कारण विचारा, आणि विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही पाहा. आपल्या आधीची व्यक्ती किती काळ टिकली आणि का गेली हे शक्य असल्यास तिच्याशीच बोलून घ्या. नियुक्तिपत्रात आपण कोणाला जबाबदार आहात, वार्षिक मूल्यमापन कोण करणार आणि आपल्याला कमी करायचे असल्यास एकट्या पदाधिकाऱ्याच्या पत्राने ते होऊ शकते की कार्यकारिणीचा ठराव लागतो, ही तीन कलमे लिहून घ्या. हे कागद मागितल्यावर संघटनेने आनंदाने दिले, तर थोड्या कमी पगारातही मी आपल्याला तिथे जाण्याचा सल्ला देईन. टाळाटाळ केली, तर पगार जास्त असता तरी दिला नसता.